संरक्षणाचे एक लाख कोटी 'वळवा' म्हणणाऱ्यांना

मार्च_अखेर (धागाकर्ता)

परवा इथे 'औंधचा अभ्यासू' यांनी एक लेख टाकला. ज्यांचा वाचायचा राहिला त्यांच्यासाठी: २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी, शिक्षण मंत्रालयाला १.२८ लाख कोटी. लष्कराला मिळालेले पैसे त्यांना धड खर्चता येत नाहीत, परत जातात. सबब त्यातले एक लाख कोटी उचलून शाळा-दवाखान्यांकडे वळवावेत. खाली 'अगदी मनातलं बोललात'ची रांग लागली होती. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण पित्त खवळलं की माझ्या दोन ओळींची दोन पानं होतात, म्हणून वेगळा धागा.

माझी नोकरी संरक्षण लेखा खात्यात झाली, सगळी पुण्यातच. 'पैसे परत जातात' हे मी पेपरात वाचलेलं नाही, या हातांनी परत केलेत.

आधी हिशेब. ६.८१ लाख कोटींतले १.६० लाख कोटी पेन्शनचे. १.८० लाख कोटी भांडवली, म्हणजे विमानं, जहाजं, तोफा. उरलेल्यात पगार, रेशन, डिझेल, दारूगोळा, दुरुस्त्या. आता तुमचे एक लाख कोटी यातले नेमके कुठले ते सांगा. पेन्शन थांबवता येत नाही, पगार थांबवता येत नाही. राहिलं भांडवली. त्यातला मोठा वाटा आधीच सह्या झालेल्या करारांच्या हप्त्यांना जातो. २०१८ साली लष्कराचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी संसदेच्या स्थायी समितीला काय सांगितलं होतं? आधुनिकीकरणाला मिळाले २१,३३८ कोटी आणि जुन्या करारांचे देणे होते २९,०३३ कोटी. नवीन एक बंदूक घ्यायच्या आधीच साडेसात हजार कोटींच्या वर खड्डा. त्याच साक्षीत ६८ टक्के सामग्री जुनाट असल्याचंही सांगितलं होतं.

मग परत कसे जातात? २०२४-२५ ला भांडवली तरतूद १.७२ लाख कोटी होती, सुधारित अंदाजात १.५९ लाख कोटींवर आली. कारण खरेदीचे पैसे टप्प्याटप्प्याने, काम होईल तसे द्यायचे असतात. तेजस मार्क-१ए चंच घ्या. ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा. अमेरिकेहून इंजिनं वेळेवर आली नाहीत, विमानं रखडली. विमान नाही तर त्या टप्प्याचे पैसे कसे द्यायचे? ते त्या मार्चला परत, आणि विमान आलं की पुढच्या एखाद्या वर्षाच्या तरतुदीतून जाणार. त्या वर्षी त्या पैशांनी दुसरं काही घ्यायचं ठरलेलं असतं, ते मागे पडतं. बाहेरून बघणाऱ्याला जी शिल्लक दिसते, ती आमच्या वहीत उधारी असते.

आणि 'खर्चता येत नाहीत' म्हणणाऱ्याने ३१ मार्चची एक रात्र लेखा कार्यालयात काढून बघावी. टेबलावर बिलांचे गठ्ठे, पंख्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर पंचिंग मशीन नाहीतर कुणाचा तरी रिकामा डबा. बाहेरच्या बाकड्यावर ठेकेदाराचा माणूस संध्याकाळपासून बसलेला. त्याच्या बिलाला तपासणी अहवालाची एक प्रत कमी. आक्षेप लावला की बिल परत, बिल परत की पैसे परत. माल गोदामात येऊन पडलाय, चांगला आहे, मोजून घेतलाय. पैसे मात्र रात्री बाराला भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीत. जूनमध्ये तोच माणूस तेच बिल घेऊन पुन्हा त्याच बाकड्यावर.

यावर तोडगा म्हणून अर्थमंत्री जसवंत सिंहांनी २००४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २५,००० कोटींचा, वर्ष संपलं तरी न बुडणारा निधी जाहीर केला. निवडणुका झाल्या, सरकार गेलं, निधीही गेला. मग एन. के. सिंहांच्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २६ साठी २.३८ लाख कोटींचा तसाच निधी सुचवला. सरकारने तो 'तत्त्वतः' मान्य केला. तत्त्वतः म्हणजे काय, ते सरकारी नोकरी केलेल्याला सांगायला नको.

तेव्हा वळवा म्हणण्याआधी, आत्ता कोण कुठे वळवतंय ते बघा. प्रतिसाद जरूर द्या, फक्त 'सीमेवर जवान उभा आहे' हे वाक्य कुणी टाकू नये. त्याने बेरीज जुळत नाही.

औंधचा_अभ्यासू

काका, एवढं लिहून शेवटी माझंच म्हणणं सिद्ध केलंत, आभारी आहे. १.७२ चे १.५९ झाले म्हणजे साडेबारा हजार कोटी. समग्र शिक्षा योजनेची २०२५-२६ ची तरतूद ४१,२५० कोटी आहे. देशभरातल्या सरकारी शाळांच्या योजनेच्या तीस टक्के रक्कम तुमच्या एका तपासणी अहवालापायी लटकते. उधारी म्हणा नाहीतर शिल्लक म्हणा, ३१ मार्चला ती कुणाच्याच कामी आली नाही.

दुसरं. नुसती पेन्शन १.६० लाख कोटी, म्हणजे अख्ख्या शिक्षण मंत्रालयापेक्षा जास्त. आरोग्याला सगळं मिळून जेमतेम एक लाख कोटी. हे आकडे शेजारी ठेवून बघताना काहीच वाटत नाही? शिक्षणावर जीडीपीच्या ६ टक्के खर्च करा असं कोठारी आयोगाने १९६६ साली म्हटलं. त्यावर कुणी पित्त खवळून धागा काढलेला दिसला नाही. संरक्षणाला ३ टक्क्यांऐवजी दोनच्या आत मिळाले की मात्र टीव्हीवर निवृत्त जनरलांची रांग.

आणि राग मानू नका, त्या १.६० लाख कोटींत तुमचीही पेन्शन आहे ना?

मार्च_अखेर

आहे. लपवायचं काय त्यात? खात्याच्या नागरी कर्मचाऱ्यांची पेन्शन त्याच लेखाशीर्षात पडते. लेखा खातं, डेपो, फॅक्टऱ्या, सगळ्यांची. २००४ पासून लागलेल्या नागरी लोकांना ती नाही, एनपीएस आहे, म्हणजे वर्गणीवरची योजना. माझ्या आयुर्मानाचा तेजसच्या इंजिनाशी संबंध जोडायचा असेल तर खुशाल जोडा.

शाळा आणि दवाखान्यांचा बराचसा खर्च राज्यं करतात. सैन्य राज्यं पोसत नाहीत. केंद्राचे दोन आकडे शेजारी ठेवून 'काही वाटतं का' विचारणं हा अभ्यास नव्हे, टोपणनावात काही का असेना.

तिरकस_सदाशिव

चहा टाकलाय. सावकाश भांडा.

अपशिंगेकर

धागाकर्त्याने बंदी घातली म्हणून ते वाक्य लिहीत नाही. दुसरी वाक्यं लिहितो.

अभ्यासू साहेब, पेन्शन डोळ्यात सलते तुमच्या. शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, ठाऊक आहे का? तुमच्या कंपनीत त्या वयाला माणूस मॅनेजर होतो. आमचा माणूस त्या वयात एटीएमबाहेर सिक्युरिटीची खुर्ची शोधतो. पोरं शाळेत असतात, आईबाप म्हातारे झालेले असतात. सातारा जिल्ह्यातलं आमचं अपशिंगे बघून या एकदा. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा स्तंभ गावात उभा आहे आणि घराघरांत फोटोला हार आहेत. 'वन रँक वन पेन्शन'साठी जंतरमंतरवर म्हातारी माणसं बसली तेव्हा कुठे २०१५ ला ते मिळालं. आता अग्निवीर आणलं. चार वर्षं, मग शंभरातले पंचवीस आत आणि पंच्याहत्तर घरी, हातात साडेअकरा लाखांच्या आसपास. माझा भाचा त्यातच आहे. पेन्शनचा बोजा कमी करायला तुम्हाला हवं होतं ते झालं की. पेढे वाटा.

पैसे वाचवले की काय होतं ते माझ्या पायाला विचारा. उंचावरच्या पोस्टिंगला आम्हाला जे बूट मिळाले ते आधी कुणीतरी वापरून जमा केलेले होते. आत नाव लिहिलेलं होतं, बॉलपेनने, अर्धं पुसलेलं. मापही एक नंबर मोठं. दोन मोजे घालून भागवलं. पुढे २०२० साली कॅगचा अहवाल संसदेत आला, त्यात सियाचीनच्या बर्फातले गॉगल, बूट यांच्या टंचाईचं आणि जुनेच बूट पुन्हा वापरल्याचं छापून आलं, तेव्हा बायकोला म्हटलं, बघ, मी थापा मारत नव्हतो.

औंधचा_अभ्यासू

साहेब, तुमच्या बुटांबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण हा माझ्या बाजूचा पुरावा आहे! तुम्हाला बूट मिळाले नाहीत ते पैसे नव्हते म्हणून नाही. पैसे होते, बूट वेळेवर घेतले नाहीत. जास्त पैसे दिले असते तर जास्त परत गेले असते.

अपशिंगेकर

मग बूट वेळेवर घ्या म्हणा. पैसे काढून घ्या का म्हणता?

तिरकस_सदाशिव

पायावर निभावलं म्हणायचं. अभ्यासू, याचं उत्तर द्या, मी दुसरा कप घेऊन येतो.

बाईंचा_तास

थोडं अवांतर होईल, पण 'निधी वळवणे' म्हटलं की माझं डोकं फिरतं म्हणून लिहिते.

सात डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. छोटे कागदी झेंडे यायचे, लाल, गडद निळा आणि फिका निळा, टाचणीसकट. सोबत शाळेला उद्दिष्ट. वरून आलेलं, त्याच्या वरून आलेलं, थेट जिल्ह्यापर्यंत. मुख्याध्यापक वर्गवार वाटणी करायचे. माझ्या वर्गात निम्मी मुलं बांधकामावरच्या मजुरांची. त्यांच्याकडे दहा रुपये मागायला माझी जीभ उचलायची नाही. मग काय, पाकीट उघडायचं आणि स्वतःच भरायचे. शेजारच्या वर्गाच्या बाई तेच करायच्या. शाळेचं 'उत्कृष्ट संकलन' म्हणून कौतुकही झालं एका वर्षी, आणि आम्ही सगळ्या तोंड मिटून टाळ्या वाजवल्या. पावती? विचारू नका. एकदाही हातात पडली नाही.

आता कुणी म्हणेल बाई देशासाठी एवढंही करवेना. सैनिकांच्या विधवांसाठी, मुलांसाठी तो पैसा जातो म्हणून सांगतात, तर आनंदाने देईन. पण ६.८१ लाख कोटींचं खातं असताना विधवांसाठी शाळेतल्या पोरांपुढे डबा का फिरवावा लागतो? हे कुणीतरी लेखा खात्यातल्याने सांगावं.

मार्च_अखेर

ताई, ध्वजदिन निधी अर्थसंकल्पाच्या बाहेरचा. ऐच्छिक देणगी. १९४९ पासून आहे, माजी सैनिक कल्याणाकडे जातो. आमच्या खात्याशी संबंध नाही.

बाईंचा_तास

ऐच्छिक! हे आमच्या मुख्याध्यापकांना कळवा.

फॅक्टरीवाला

आमच्याकडे पण डबा फिरायचा बाई, पगाराच्या दिवशी. पण असो.

मला धागाकर्त्यांना विचारायचंय, तुम्ही दारूगोळा एका ओळीत उरकलात. २०१७ ला कॅगने सांगितलं, १५२ प्रकारच्या दारूगोळ्यापैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवस सुद्धा पुरणार नाही. तेव्हा सगळे आमच्यावर घसरले, ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आळशी म्हणून. अहो, मागणी वर्षावर्षाने तुकड्यांत द्यायची आणि माल एकदम मागायचा. कच्चा माल काय आम्ही खडकी बाजारातून आणायचा? मग १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डच मोडलं आणि सात कंपन्या केल्या. आमच्या वाट्याला म्युनिशन्स इंडिया आली, मुख्यालय इथेच पुण्यात. आम्ही गेलो 'मानीव प्रतिनियुक्ती'वर, म्हणजे नोकरी सरकारची, काम कंपनीत. दीडशे वर्षांच्या फॅक्टरीत जन्म गेला आणि आता आम्ही पाहुणे.

अपशिंगेकर

भाऊ, कंपन्या झाल्यापासून निर्यातीच्या ऑर्डर येतात म्हणून पेपरात येतं. तेव्हा पुरवठा होत नव्हता आणि आता परदेशाला होतो, हे कसं?

फॅक्टरीवाला

तीच माणसं आहेत, तीच मशीन आहेत. आता आगाऊ पैसे येतात आणि मागणी मोठी येते, म्हणून होतं. आधीही झालं असतं.

मार्च_अखेर

हेच तर वर लिहिलंय. वर्षावर्षाने तुकडे!

बोपखेलवासी

तुमचं लाख कोटींचं चालू द्या. मी आमच्या रस्त्याचं बोलतो.

संरक्षण खात्याकडे पैसे नाहीत म्हणता, जमीन किती आहे ते कुणी काढत नाही. आमचं बोपखेल गाव तीन बाजूंनी लष्करी हद्दीत आणि चौथीकडे मुळा नदी. दापोडीला जायचा रस्ता सीएमईमधून, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून. पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच जात होतो. सीएमई रुडकीहून इथे आली १९४८ ला, गाव त्याच्या आधीचं. २०१५ ला कोर्टाचा निकाल लागला आणि गेट बंद. दगडफेक झाली, लाठीमार झाला, पोरांवर केसेस झाल्या. त्यानंतर दापोडीला जायचं तर दिघी-विश्रांतवाडीवरून वळसा. नदीपलीकडे खडकी दिसते डोळ्यांना, आणि रिक्षावाला म्हणायचा दोनशे द्या.

मधे तरंगता पूल टाकून दिला, पावसाळा आला की काढला. पक्क्या पुलासाठी महापालिका तयार, पैसे तयार, पण पलीकडची जमीन खडकीच्या फॅक्टरीची. परवानगीला वर्षं गेली. आमच्या मुलीची दहावी झाली, बारावी झाली, पूल कागदावरच. शेवटी जमिनीचे पैसे मोजून घेतले तेव्हा काम हललं. आमच्याच पट्टीतून. आता कुणीतरी सांगा ते पैसे कुठल्या जवानाच्या बुटाला लागले?

अपशिंगेकर

गावाबद्दल सहानुभूती आहे. पण लष्करी हद्दीतून कुणीही कधीही ये-जा करणार, हे चालतं का? उद्या काही झालं तर पहिले तुम्हीच विचाराल, गेटवर कोण होतं.

बोपखेलवासी

इतकी वर्षं आम्ही दूध घेऊन जात होतो त्याच गेटमधून, साहेबांच्या बंगल्यावर. तेव्हा काही झालं नाही.

तिरकस_सदाशिव

लोहगावला विमान उतरायचं तर हवाई दलाची धावपट्टी, खडकीचा रस्ता रुंद करायचा तर संरक्षण खात्याची जमीन, घोरपडीला पूल बांधायचा तरी परवानगी दिल्लीहून. या शहरात आपण भाडेकरू आहोत हे एकदा मान्य करा, म्हणजे भांडण मिटेल.

कॅम्पातली_मी

लष्करच्या बाजूला राहून बघा म्हणजे कळेल! आमचं घर कॅन्टोन्मेंट हद्दीत. माळा काढायचा तर परवानगी, छप्पर बदलायचं तर परवानगी. बंगल्यांच्या मालकीचा घोळ ब्रिटिश काळापासून सुटलेला नाही. जीएसटी आल्यावर जकात-एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेलं आणि कॅन्टोन्मेंट बोर्डाचे हाल सुरू झाले. केंद्राकडून सेवाकराची (लष्करी मिळकतींवर कराऐवजी बोर्डाला द्यायच्या रकमेची) थकबाकी येत नाही म्हणून बोर्डातले लोक कायम रडतात. म्हणजे संरक्षण खातं आपल्याच बोर्डाचे पैसे देत नाही! हे 'वळवणं' नाही तर काय? आता म्हणतात नागरी भाग महापालिकेत घालणार. हिमाचलमधलं योल २०२३ ला बरखास्त केलं, आमचं नुसतं चाललंय. महापालिकेत गेलो की पाणी मिळेल म्हणे. महापालिकेत गेलेल्या वाघोलीवाल्यांना विचारा मिळालं का.

वाघोलीकर_२

नाही मिळालं.

दुरुस्ती_सुचवतो

आकडा कुणी काढत नाही म्हणालात म्हणून: संरक्षण खात्याच्या जमिनीची मोजणी २०२२ मध्ये पूर्ण झाली. एकूण १७.७८ लाख एकर, त्यातली १.६१ लाख एकर छावण्यांच्या हद्दीत. बाकी तोफांच्या सरावाचे पट्टे, विमानतळ, डेपो वगैरे. त्यामुळे 'सगळी जमीन शहरात अडवून बसलेत' हे बरोबर नाही.

बोपखेलवासी

आमची अडवली, तेवढी आम्हाला पुरे आहे.

कॅम्पातली_मी

आणि कुलाब्याची? ३१ मजली 'आदर्श' कुठल्या सरावाच्या पट्ट्यावर उभी राहिली होती?

अपशिंगेकर

एका इमारतीवरून अख्ख्या फौजेला बोलू नका. त्यात राजकारणी आणि बाबू किती होते तेही काढा.

मार्च_अखेर

अवांतराने मूळ धाग्याला गिळलं, पण बोपखेलवासींच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते माझ्याच मुद्द्यावर येतं.

कुठल्याही जवानाच्या बुटाला लागले नाहीत. संरक्षणाची जमीन महापालिकेला दिली की दोन वाटा असतात. एक, तेवढ्याच किमतीचं बांधकाम महापालिकेने लष्कराला करून द्यायचं. दोन, रोख पैसे. रोख आले की ते भारताच्या संचित निधीत. तिथून ते महामार्गाला जातील, खताच्या अनुदानाला जातील, कुठेही जातील. ज्या युनिटची जमीन गेली त्याला एक पै नाही. आता त्या कर्नलने का म्हणून फाईल पुढे ढकलावी? त्याचं मैदान जातं, कुंपण नव्याने घालावं लागतं, आणि वर गावाच्या शिव्या. न बुडणाऱ्या निधीची जी शिफारस पंधराव्या वित्त आयोगाने केली होती, त्यात जमिनीचे पैसेही त्याच निधीत टाकायचं म्हटलं होतं. तसं झालं तर तुमच्या पुलाच्या फाईलमध्ये लष्कराचाही जीव अडकेल. आपल्या सोसायटीत गच्चीवरच्या मोबाईल टॉवरचं भाडं सिंकिंग फंडात न जाता बिल्डरच्या खिशात गेलं तर आपण टॉवरला परवानगी देऊ का?

बोपखेलवासी

म्हणजे आम्ही मोजले ते पैसे लष्कराला मिळालेच नाहीत, आणि आम्ही एवढी वर्षं लष्करावर चिडून होतो. छान. आता कुणावर चिडायचं त्याचा पत्ता द्या.

तिरकस_सदाशिव

अर्थमंत्रालय, नवी दिल्ली. पण तिथेही गेट आहे.

औंधचा_अभ्यासू

जमिनीत मी पडत नाही. पण काका, तुमच्या न बुडणाऱ्या निधीला माझा विरोध का ते सांगतो. संसदेची पकड दर वर्षाच्या मंजुरीवरच टिकून असते. एकदा दोन-अडीच लाख कोटींचं वेगळं गाठोडं बांधून दिलं की त्यावर दर मार्चला प्रश्न विचारायला कोण जातंय? शिवाय 'संरक्षण' हा शब्द चिकटवला की काहीही खपतं. जून २०२५ मध्ये हेगला नाटोवाल्यांनी जीडीपीच्या ५ टक्क्यांचं ठरवलं, त्यातले दीड टक्के पायाभूत सुविधांसारख्या सैल गोष्टींना. लगेच इटलीने सिसिलीला जोडणारा मेसिनाचा पूल त्यात बसवायचा घाट घातला. उलट बाजूही बघा: २०१९ ला ट्रम्पने सैनिकी बांधकामाचे ३.६ अब्ज डॉलर मेक्सिकोच्या भिंतीकडे वळवले. शाळांकडे वळवा म्हटलं की मी देशद्रोही, भिंतीकडे वळवलं की राष्ट्रहित.

तिरकस_सदाशिव

मेसिनाचा पूल संरक्षणात बसत असेल तर चांदणी चौकाचाही धरा. एनडीएच्याच वाटेवर आहे. आणि तिथे रस्ता चुकलेला शत्रू परत सापडणार नाही.

दुरुस्ती_सुचवतो

वळवण्याचा आपला इतिहासही आहे. १९५० च्या दशकाअखेरीस अंबाल्याला 'ऑपरेशन अमर' झालं. जनरल कौल यांच्या चौथ्या डिव्हिजनच्या जवानांना घरं बांधायच्या कामाला लावलं, पैसे वाचावेत म्हणून. सराव बाजूला राहिला. तीच डिव्हिजन पुढे १९६२ ला नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात होती. बाकी सांगत नाही.

औंधचा_अभ्यासू

१९६२ चं खापर विटांवर फोडू नका. कौलांची नेमणूक, चीनबद्दलचा अंदाज, हवाई दल न वापरणं, हे काय बजेटमुळे झालं?

दुरुस्ती_सुचवतो

नाही, फक्त बजेटमुळे नाही. पण यशवंतराव दिल्लीला गेल्यावर पहिल्या दोन वर्षांत संरक्षणाचा खर्च दुपटीच्या वर गेला, तोही उगाच नाही.

अपशिंगेकर

यशवंतरावांचं नाव निघालं, आता तरी गप्प बसा.

औंधचा_अभ्यासू

यशवंतरावांनी पंचवार्षिक संरक्षण योजना आणली, म्हणजे पाच वर्षांचा विचार एकदम. बरं, घ्या: लांब पल्ल्याच्या करारांना पैसे वर्षाअखेरी बुडू नयेत, इतपत मला पटतं. पण त्या निधीचा कॅगकडून दरवर्षी लेखाजोखा आणि संसदेत चर्चा, ही अट. आणि माझे एक लाख कोटी मी मागे घेत नाही. साडेबारा हजारांवर तडजोड करायला तयार आहे.

मार्च_अखेर

ते साडेबारा हजार पुढे तेजससारख्या रखडलेल्या करारांनाच द्यायचे आहेत, वर लिहिलंय. वाचून तडजोड करा.

अपशिंगेकर

आणि पेन्शनचं? त्यावर दोघेही गुळणी धरून बसलात.

औंधचा_अभ्यासू

तुमच्या पेन्शनला हात लावा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. मूळ लेख बघा.

अपशिंगेकर

'हे आकडे बघून काहीच वाटत नाही?' हे कोण म्हणालं? माझा भाचा?

कॅम्पातली_मी

सेवाकराच्या थकबाकीचं कुणीच बोललं नाही. नेहमीचंच.

नवा_सभासद

मोठ्यांच्या चर्चेत पडतो, माफी असावी. ध्वजदिन निधीला दिलेल्या पैशांवर आयकरात सूट मिळते का? ऑफिसात डबा आलाय.

मार्च_अखेर

जुन्या कररचनेत देणगीची म्हणून मिळते. नव्या रचनेत नाही. पावती घ्या म्हणजे झालं.

बाईंचा_तास

पावती मिळाली तर मलाही कळवा. कशी दिसते ते बघायचंय.